सगळे मुद्दे माझे बरोबर होते, मतं मात्र आप्पांना पडली

पाणीपातळी (रविवार, रात्री १०.४०)

आमचं अपार्टमेंट कोल्हापुरात, जयंती नाल्याच्या अंगाला. खाली पार्किंग, वर चार मजले, चोवीस फ्लॅट. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी नाल्यातून उलटं फिरलं आणि पार्किंगमध्ये छातीला लागलं. मीटरचा बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे बुडालाच. नऊ दिवस लाइट नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, वर वीतभर जास्त. मी शिरोलीला फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे पावसाळा जवळ आला की तो बोर्ड बघून माझ्या पोटात गोळा येतो. प्रस्ताव साधा होता: बोर्ड उचलायचा आणि पहिल्या मजल्यावर जिन्यात न्यायचा. खर्च फ्लॅटमागे १६,५००.

बावीस स्लाइड केल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, २०१९ ला पाणी ५५ च्या वर, २०२१ ला ५६ च्या वर, सगळा आलेख. तीन कोटेशनं. दोन्ही पुरांत सोसायटीचा झालेला खर्च पै न पै. पस्तीस मिनिटं बोललो. कोणी मध्ये बोललं नाही, म्हणून मला वाटलं, जिंकलो.

मग तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा उठले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते जे बोलले ते सगळं इथं लिहितो, कारण तेवढंच होतं:

"इंजिनिअर साहेबांनी अभ्यास लई केलाय. आम्ही काय, तिकिटं फाडणारी माणसं. मला एकच सांगा. पाणी वर्षातनं चार दिवस येतं, जिना रोज लागतो. उद्या जिन्यातल्या बोर्डानं पेट घेतला तर पोरं खाली उतरायची कुठनं?"

आणि बसले. मतदान: बाजूने ९, विरोधात १३, दोन घरं गैरहजर.

पुढची मिटिंग तीन आठवड्यांनी. मला सांत्वन नको आहे. या पाच वाक्यांनी माझ्या बावीस स्लाइड कशा खाल्ल्या ते कळायला हवंय.

तर्री_कमी (रविवार, रात्री १०.५२)

विषय हार्ड. आप्पांना महापालिकेला उभं करा, मी पॅम्प्लेट वाटतो.

खडूफळा (रविवार, रात्री ११.३०)

मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आप्पांची पाच वाक्यं फळ्यावर लिहून अख्खा तास घेता येईल अशी आहेत.

"अभ्यास लई केलाय" ही व्याजस्तुती. तोंडानं स्तुती, आतून टोचणी. ऐकणाऱ्याच्या मनात "म्हणजे पुस्तकी" हा शब्द आप्पांनी न उच्चारता उमटला. लगेच दुसरं वाक्य, "तिकिटं फाडणारी माणसं". स्वतःला खाली घेतलं आणि बरोबर अख्ख्या खोलीला आपल्या बाकावर बसवलं. आता एका बाजूला तुम्ही आणि प्रोजेक्टर, दुसऱ्या बाजूला सगळे. पुढचं वाक्य विरोधावर उभं आहे: पाणी चार दिवस, जिना रोज. दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्या वजनाचे, म्हणून ते कानात राहतं आणि खरंही वाटतं. तोलून बोललेलं वाक्य तोलून विचार केल्यासारखं ऐकू येतं, ही आपल्या कानाची जुनी खोड आहे.

आणि शेवटी प्रश्न. त्यांनी "धोका आहे" असं म्हटलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता. प्रश्नाला पुरावा कोण मागणार? १८९७ साली टिळकांनी केसरीत मथळा दिला होता, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" उत्तर छापलं नव्हतं. ते वाचणाऱ्यानं आपल्या ओसरीवर बसून दिलं.

अजून एक. आप्पा बसले. हे शिकवता येत नाही. वक्तृत्व स्पर्धांची परीक्षक म्हणून मी किती मुलं पाहिली, टाळी मिळालेल्या वाक्यानंतर आणखी चार वाक्यं बोलून ती टाळी परत करतात.

कोर्टाची_पायरी (सोमवार, सकाळी ७.१५)

मी वकिली करतो. बाईंनी वाक्यं उलगडली, मी जरा मागे जाऊन बघतो.

अ‍ॅरिस्टॉटलनं पटवण्याची तीन साधनं सांगितली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं: इथॉस, पॅथॉस, लोगॉस. बोलणाऱ्याचं वजन, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था आणि बोलण्यातला तर्क. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात हे त्रिकूट लोणच्यासारखं वाढतात आणि दोन गोष्टी हमखास चुकीच्या सांगतात. एक, इथॉस म्हणजे पदवी किंवा हुद्दा. तसं नाही. त्याच्या मते हे वजन भाषणातूनच तयार व्हायला हवं, माणूस आधीपासून मोठा आहे म्हणून नव्हे. समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याविषयी आस्था, या तिन्ही गोष्टी बोलण्यात दिसल्या पाहिजेत. तुमची समज बावीस वेळा दिसली. आस्था किती वेळा? दोन, पॅथॉस म्हणजे रडवणं. तेही नाही. राग, भीती, दया, लाज, मत्सर अशी एकेक भावना कोणाबद्दल वाटते, कधी वाटते, कशानं जाते, याची त्यानं चक्क छाननी केली आहे. भीतीबद्दल तो म्हणतो की दूरच्या संकटाला माणूस भीत नाही. मरायचं सगळ्यांनाच आहे हे ठाऊक असतं, पण ते जवळ नाही म्हणून कोणी काळजी करत नाही. तुमचा पूर एप्रिलमधल्या मिटिंगला तीन महिने लांब होता. आप्पांचा जिना दाराबाहेर.

पण तुमची खरी चूक मला वेगळीच वाटते. भाषणाचेही त्यानं तीन प्रकार केले. कोर्टातलं भाषण झालेल्या गोष्टीबद्दल, दोष कोणाचा हे ठरवायला. समारंभातलं आजच्याबद्दल, गौरव किंवा निंदा करायला. आणि सभेतलं उद्याबद्दल, काय हिताचं आणि काय अहिताचं हे ठरवायला. तुम्ही सभेत उभं राहून कोर्टातलं भाषण केलंत. २०१९, २०२१, झालेला खर्च, म्हणजे चूक सभासदांची होती हे सिद्ध केलंत. समोरचे सगळे आरोपी झाले. आप्पांच्या प्रश्नाचा पहिलाच शब्द "उद्या".

पाणीपातळी (सोमवार, सकाळी ७.४०)

पण आप्पांचा मुद्दा चुकीचा आहे! प्रत्येक मीटरला एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) असणार, मेनला वेगळा ब्रेकर, बोर्डाला लोखंडी पेटी. स्लाइड नंबर १७ वर सगळं होतं.

तर्री_कमी (सोमवार, सकाळी ७.४४)

भावा, सतराव्या स्लाइडला मी असतो तर च्या पिऊन परत आलो असतो.

वितंडवादी (सोमवार, दुपारी १.०५)

ग्रीसला जायची गरज नाही, आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हे सगळं जास्त बारकाईनं आहे. चर्चेचे तीन प्रकार. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचंय. जल्प म्हणजे जिंकायचंय, त्यासाठी छल, म्हणजे शब्दांची फसवाफसवी, चालेल. वितंडा म्हणजे स्वतःचं काही मांडायचंच नाही, समोरच्याचं तेवढं पाडायचं. आप्पांनी पर्याय दिला का? नाही. म्हणजे ही सरळ वितंडा. (माझं सदस्यनाम मी अभिमानानं लावतो.)

छलाचं जुनं उदाहरण मराठीतही जसंच्या तसं चालतं. एकजण म्हणतो, हा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय. शब्द तोच, अर्थ फिरवला. सोसायटीच्या मिटिंगमध्ये हे दर महिन्याला होतं. "तातडीची दुरुस्ती" यातल्या तातडीवर आमच्याकडे दीड तास गेला होता.

आता तुमचं काय चुकलं. न्यायात अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून इथं आग आहे. यातलं स्वयंपाकघर बघा. निव्वळ तर्काला त्याची गरज नव्हती, ते ऐकणाऱ्यासाठी आहे. त्यानं रोज पाहिलेलं काहीतरी मध्ये ठेवल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा दंडकच होता. तुमच्या मांडणीत प्रतिज्ञा आहे, हेतू तर बावीस आहेत, स्वयंपाकघर नाही. आप्पांच्या मांडणीत फक्त स्वयंपाकघर आहे.

गुळाचा_रवा (सोमवार, रात्री ९.२०)

आमची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. वडील बोलण्यात शून्य. बाहेरचा व्यापारी आला की बाकीचे अडते कणी कशी, रंग कसा, काकवी कशी सुटत नाही हे सांगत बसायचे. वडील रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा तोडायचे, व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा." मग दुसरीकडे तोंड करून उभे. मी लहानपणी विचारलं, तुम्ही काहीच का सांगत नाही? म्हणाले, "मी गोड म्हटलं तर ते माझं मत. त्यानं गोड म्हटलं तर तो भाव."

कोर्टाची_पायरी (सोमवार, रात्री ९.५५)

तुमच्या वडिलांना दंडवत. या गोष्टीला ग्रीकमध्ये एन्थिमेमा म्हणतात. तर्काची एखादी पायरी मुद्दाम सांगायची नाही, ती ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असते, ती त्यानं लावायची. स्वतः लावलेली पायरी माणूस सहसा उखडत नाही. गावाकडचं उदाहरण देतो, पक्षाबिक्षाचं काही मनात न आणता ऐका. २०१९ च्या लोकसभेला कोल्हापुरात "आमचं ठरलंय" ही प्रचाराची घोषणा गाजली. काय ठरलंय? सांगितलंच नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि आपल्याला कळलं याचाच माणसाला आनंद झाला. टपऱ्यांवर, गाड्यांच्या काचांवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच.

आपण_आम्ही (मंगळवार, सकाळी ११.१०)

मी पुण्यात जाहिरातीच्या मजकुराचं काम करते, माहेर शिवाजी पेठेतलं. "आमचं ठरलंय"वर आणखी थोडं, कारण हे हिंदी-इंग्रजीत जमत नाही.

आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. "आपण" म्हटलं की समोरचा आत येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. "आपलं ठरलंय" असतं तर ते निमंत्रण झालं असतं. "आमचं" आहे म्हणून बाहेर राहिलेल्याला चुटपुट लागते, आत यावंसं वाटतं. आता आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा: "आम्ही काय, तिकिटं फाडणारी माणसं." एका सर्वनामानं तुम्हाला खोलीबाहेर काढलं. तुमच्या स्लाइडवर कोणती सर्वनामं होती? मी पैज लावते, "तुम्ही" आणि "सोसायटी".

दुसरं मराठीचं हत्यार म्हणजे "च". संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं "झालाच पाहिजे" घ्या. "झाला पाहिजे" म्हणजे अर्ज. "झालाच पाहिजे" म्हणजे मूठ. टिळकांच्या "मिळवणारच" मध्येही सगळा जोर त्या शेवटच्या अक्षरात आहे. इतकं स्वस्त आणि इतकं जोरदार साधन फार भाषांत नसेल. पण मीठ आहे ते. प्रत्येक वाक्यात घातलं की ताट सरकवून ठेवतात.

यमकाला हसू नका. "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का" ही ओळ किती निवडणुका, किती पक्षांनी वापरली याचा हिशेब नाही. त्यात युक्तिवाद नावालाही नाही. पण क्का-क्का जुळलं की शिक्का कुठं मारायचा ते ओठावर आपोआप येतं, आणि ओठावर आलेली गोष्ट निम्मी पटलेली असते. "जगात भारी, कोल्हापुरी" हेही तसंच. अतिशयोक्ती आहे हे बोलणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, तरी कोणी हरकत घेत नाही.

तर्री_कमी (मंगळवार, सकाळी ११.१३)

"जगात भारी" ही अतिशयोक्ती कशी काय? ते वस्तुस्थितीत टाका. आणि पेठेतली पोरगी "करते, लावते" कधीपासून म्हणायला लागली? "करतो" म्हण की.

आपण_आम्ही (मंगळवार, सकाळी ११.१५)

पुण्यात राहतो म्हणून लिहिताना "करते". घरी आलो की "करतो"च.

दुसऱ्या_मजल्यावरची (मंगळवार, दुपारी ३.३०)

सगळं वाचलं. हुशार मंडळी आहात. पण मला जरा कसंतरी होतंय. सगळे मिळून या गृहस्थांना लोकांना गुंडाळायचं कसं ते शिकवताय. आप्पांची भीती खरी असेल तर?

आणि पाणीपातळी यांना एक विचारते. नऊ दिवस लाइट नव्हती म्हणजे पंप बंद, लिफ्ट बंद. चार मजले पाणी कोणी चढवलं? तुम्ही पार्किंगची उंची लिहिलीत, बंधाऱ्याची लिहिलीत, खर्च लिहिलात. घागरी लिहिल्या नाहीत. मी अशाच एका बिल्डिंगमध्ये राहते. टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी. माझी सासू ७४ वर्षांची, बाथरूमला जायचं म्हणून दिवसभर पाणीच पित नव्हती. मिटिंगला तुमच्याकडे बायका किती होत्या? आणि त्यातल्या बोलल्या किती?

पाणीपातळी (मंगळवार, रात्री १०.०५)

चार होत्या. कोणीच बोललं नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

आमच्याकडे पाणी बायकोनं आणि पोरानं चढवलं. मी त्या आठवड्यात कंपनीतच अडकलो होतो, हायवे बंद होता. हे खरं तर मला माहीत होतं, पण स्लाइडवर टाकायची गोष्ट वाटली नाही.

कोर्टाची_पायरी (मंगळवार, रात्री १०.४०)

ताईंचा आक्षेप अडीच हजार वर्षांचा आहे. प्लेटोनं वक्तृत्वाला पाककौशल्याच्या पंक्तीला बसवलं होतं. म्हणजे असं की वैद्य पथ्य सांगतो, आचारी चमचमीत वाढतो, आणि पोरांसमोर दोघांची निवडणूक लावली तर वैद्याचं डिपॉझिट जप्त. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल. त्याचं म्हणणं, या विद्येचा गैरवापर होतो तसा ताकदीचा, पैशाचा, सेनापतिपदाचाही होतो. आणि खऱ्याची बाजू घेणारा मांडण्यात कच्चा पडला तर दोष त्याचाच. मी या बाबतीत शिष्याच्या बाजूला आहे. आचाऱ्याचं म्हणाल तर कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला कमी लेखून कोणी टिकेल असं वाटत नाही.

कोर्टातला एक वाईट डावही सांगून ठेवतो, तो तुम्ही वापरू नका. "माझ्या विद्वान मित्रांच्या घरगुती अडचणींबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही." बोलणार नाही म्हणत म्हणत बोलून घ्यायचं. आप्पांच्या बाबतीत "त्यांचं वय झालंय, मी काही म्हणणार नाही" असलं काही तोंडातून निघालं तर १३ चे २० होतील.

उलट एक चांगला डाव. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला शाहू महाराज आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तो पुढारी म्हणजे डॉ. आंबेडकर, तेव्हा वय वर्षं अठ्ठावीस. आपलं वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकता येतं. तुमच्या मिटिंगमध्ये तुमच्यासाठी कोण बोललं?

पाणीपातळी (शनिवार, दुपारी ४.२०)

भाषणाचा कच्चा खर्डा टाकतो. फाडा.

"सन्माननीय अध्यक्ष आणि उपस्थित सभासद बंधू-भगिनींनो. आठवा तो ऑगस्ट. आठवा तो अंधार. आठवा ती पाण्याची रांग. आठवा त्या घागरी. आठवा आपल्या वृद्ध मातापित्यांचे हाल. आठवा बंद पडलेला पंप. आठवा, आणि मग ठरवा. प्रश्न १६,५०० रुपयांचा नाही, प्रश्न आपल्या सुरक्षिततेचा आहे..."

खडूफळा (शनिवार, सायंकाळी ६.००)

फाडते. सात वेळा "आठवा". तीनदा म्हटलं तर जोर येतो, चौथ्यांदा लोक मोजायला लागतात, सातव्यांदा जांभई. वाक्याच्या तोंडाशी तोच शब्द ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण तिला चढ लागतो. आधीच्यापेक्षा पुढचं जड हवं. तुमचा बंद पडलेला पंप मातापित्यांच्या नंतर आलाय, म्हणजे जिना चढून पुन्हा उतरलात.

"वृद्ध मातापित्यांचे हाल" हे कोण बोलतं? असं बोलणारा माणूस मी फक्त स्पर्धेच्या स्टेजवर पाहिला आहे, हात पंचेचाळीस अंशात वर केलेला. आईला आई म्हणा. "प्रश्न अमक्याचा नाही, प्रश्न तमक्याचा आहे" हे तर काढूनच टाका. १६,५०० रुपयांचा प्रश्न आहेच. पेन्शनवर राहणाऱ्याला तो नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान.

आणि सगळ्यात मोठं, आप्पांच्या प्रश्नाला उत्तर कुठे आहे? पोरं उतरायची कुठनं? ते तुम्ही टाळलंत. खोलीतल्या सगळ्यांना तोच प्रश्न आठवतोय आणि तुम्ही ऑगस्ट आठवायला सांगताय.

गुळाचा_रवा (शनिवार, सायंकाळी ६.२५)

मिटिंग कुठं घेता तुम्ही?

पाणीपातळी (शनिवार, सायंकाळी ६.३०)

टेरेसवर. का?

गुळाचा_रवा (शनिवार, सायंकाळी ६.३१)

तुकडा खाली आणि गिऱ्हाईक वर.

पाणीपातळी (रविवार, रात्री ९.५०)

आज मिटिंग झाली. पार्किंगमध्ये घेतली. खुर्च्या बोर्डाकडे तोंड करून लावल्या, बोर्डाबद्दल काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात मी आप्पांकडे गेलो होतो. पटवायला नाही, प्रश्न विचारायला: जिन्यात नको तर कुठं? त्यांनी चपला घातल्या, मला घेऊन खाली आले आणि जिन्याच्या बाहेरच्या अंगाला, पार्किंगच्या छताच्या वर जो सज्जा आहे तो दाखवला. तिथं पेटी बसते, जिन्याला चिकटत नाही, रीडिंगला माणूस अर्ध्या जिन्यातल्या खिडकीतून पोचतो. मी सहा वर्षं त्या सज्ज्याखाली गाडी लावतोय. वायरिंग थोडं वाढतं, फ्लॅटमागे १७,२०० होतात. म्हणजे स्लाइड १७ बरोबर असली तरी आप्पांची जागा जास्त बरोबर होती. हे मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "जागा आप्पांनी काढली" म्हणून. वकीलसाहेब, हा डाव म्हणून केला नाही. झालं खरं तसं.

मग आप्पांच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, २०२१ ला पाणी कुठवर होतं तेवढी रेघ मारा. त्यांनी जरा विचार केला. भिंतीपाशी गेले, हात खांद्याच्या वर नेला आणि आडवी रेघ ओढायला लागले. भिंत संपली तरी थांबले नाहीत, तशीच रेघ पुढं बोर्डाच्या पत्र्यावरून ओढत नेली. मीटरचे आकडे रेघेच्या खाली. खडूचा पत्र्यावर जो आवाज येतो तो सगळ्यांना झोंबला. कोणीतरी म्हणालं, "एवढं होतं?" आप्पा म्हणाले, "होतं की. मी इथंच हुबा होतो, शर्ट डोक्यावर धरून."

मी बायकोला आधी विचारलं होतं, तू बोलशील का. ती उठली आणि एवढंच म्हणाली, "आमच्याकडे दिवसाला अठरा घागरी लागत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा, त्यांना किती." त्या वहिनी म्हणाल्या, "मी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर चढल्या नसत्या."

मी पंधरा मिनिटांचं ठरवलं होतं, चार मिनिटं बोललो. "आपण" म्हणायचं लक्षात ठेवलं, दोनदा तरी "तुम्ही" निघून गेलं. पैशांचं सरळ सांगितलं: रक्कम मोठी आहे, चार हप्ते करू, ज्यांना अडचण आहे त्यांनी सेक्रेटरींना एकट्यात सांगावं.

बाजूने १७, विरोधात ५. आप्पांनी हात वर केला की नाही ते मला दिसलं नाही, ते अजून रेघेपाशीच उभे होते.

वितंडवादी (रविवार, रात्री १०.१०)

अभिनंदन. म्हणजे आप्पा वितंडा करत नव्हते, तुम्ही त्यांना पर्याय विचारलाच नव्हता. माझा सोमवारचा निवाडा मागे घेतो. पहिलीच वेळ आहे.

दुसऱ्या_मजल्यावरची (रविवार, रात्री १०.३०)

वहिनींचं वाक्य मी लिहून ठेवलंय. खडूफळा बाई, याला कोणता अलंकार?

खडूफळा (रविवार, रात्री १०.४५)

बघून सांगते. सगळ्याच वाक्यांना नाव असतं असं नाही. विरोधात गेलेली पाच मतं कोणाची, त्यांच्याकडेही एकदा चपला घालून जा.

तर्री_कमी (रविवार, रात्री १०.४८)

खडू पहिल्या पावसात जाईल की. ऑइल पेंट मारून घ्या.

पाणीपातळी (सोमवार, सकाळी ८.०५)

आत्ता खाली गेलो तर आप्पांनी मारूनसुद्धा टाकलाय, लाल. खाली तारीख घातली आहे. ब्रश आणि डबीचं ११० रुपयांचं बिल सोसायटीला लावलंय.